मांजराच्या ट्रेची मुदत

मांजर पाळणाऱ्या घरांत त्याच्या मलमूत्रासाठी ठेवलेल्या ट्रेविषयी जी चौकशी होते ती बहुधा आतल्या मातीपुरतीच असते. माती कोणती आणावी, ती किती दिवसांनी बदलावी, एवढ्यावर प्रश्न संपतो आणि ज्या भांड्यात ती भरली जाते ते भांडे मात्र फुटेपर्यंत वापरले जाते. वास्तविक माती आणि भांडे या दोन निरनिराळ्या मुदतींच्या वस्तू आहेत. प्लास्टिकचा ट्रे रोजच्या वापरात साधारणपणे वर्षभर चालतो आणि त्यानंतर तो बदलावा, असा सल्ला सामान्यतः दिला जातो. परंतु लातूर-नांदेडसारख्या कडक उन्हाच्या आणि पाण्याची ओढ असलेल्या भागात ही मुदत त्याआधीच संपू शकते, आणि ती संपल्याची खूण ट्रेच्या तळावरच शोधावी लागते.

मराठवाड्यातील जुन्या घरांना या प्रश्नाची ओळख नव्हती. जाड भिंतींच्या आणि मातीच्या धाब्याच्या माळवदात मांजराचे काम ठरलेले होते: धान्याच्या कणग्या, बळदे आणि पेवे यांच्या आसपास वावरणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त करणे. त्याचे मलमूत्रविसर्जन परसातल्या भुसभुशीत मातीत, उकिरड्यावर किंवा चुलीच्या राखेच्या ढिगात होत असे आणि त्याकडे कोणाला लक्ष द्यावे लागत नसे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर दगडमातीच्या घरांवरचा विश्वास उडाला, पुढे शहरेही वाढली, आणि सिमेंटच्या घरांना परस राहिले नाही. लातूर किंवा नांदेड येथील तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहणाऱ्या मांजराला फरशीवाचून दुसरी जमीन ठाऊक नसते. अशा मांजरासाठी ट्रे हेच परस, तोच उकिरडा आणि तीच शेताची कड. म्हणून त्याच्या अवस्थेविषयी मांजर इतके काटेकोर असते.

या काटेकोरपणाचे मूळ फार जुने आहे. आजचे पाळीव मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशिया यांच्या कोरड्या प्रदेशांत राहणाऱ्या रानटी मांजराच्या वंशातले आहे. कमी पाण्यावर जगण्यासाठी त्या प्राण्याच्या मूत्रपिंडांनी मूत्र अतिशय घट्ट करण्याची क्षमता मिळवली, आणि स्वतःचा वास लपवण्यासाठी विष्ठा वाळूत पुरण्याची सवय त्याला लागली. लातूर भागातल्या उसाच्या फडांत आढळणारे रानमांजर ही वेगळी जात असली तरी दोघांचे कुळ एकच. घरातल्या मांजराने दोन्ही गोष्टी जशाच्या तशा राखल्या आहेत. त्याला पुरण्यासाठी मोकळे कण हवे असतात, म्हणून ते ट्रेचा तळ खरवडते; आणि त्याचे मूत्र घट्ट असते, म्हणून त्याचा उग्रपणा माणसाला लगेच जाणवतो.

ट्रे खराब कसा होतो, हे या दोन गोष्टी एकत्र पाहिल्यावर उलगडते. मूत्रात युरिया नावाचे नायट्रोजनयुक्त द्रव्य असते, आणि युरियेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, ज्यांच्याजवळ असते असे जिवाणू युरियाचे विघटन करून अमोनिया वायू तयार करतात. शेतात युरिया खत टाकल्यावर वर उघडे राहिले तर ते हवेत उडून जाते, तीच ही क्रिया. मांजराच्या मूत्रात, विशेषतः खच्ची न केलेल्या बोक्याच्या मूत्रात, याखेरीज फेलिनीन नावाचे एक गंधकयुक्त अमिनो आम्ल असते आणि त्याच्या विघटनातून बोक्याचा तो ओळखीचा चिवट वास येतो. उष्णतेने या क्रिया जलद होतात, आणि अमोनिया हवेत मिसळण्याचा वेगही वाढतो. त्यामुळे मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना, बंद न्हाणीघरात ठेवलेल्या ट्रेचा वास हिवाळ्यातल्या त्याच ट्रेपेक्षा कितीतरी लवकर असह्य होतो. हा वायू डोळे आणि श्वासनलिका यांना झोंबतो. माणसाचे नाक ट्रेपासून चार फुटांवर असते, मांजराचे मात्र थेट मातीला टेकलेले असते, हे येथे विसरता येत नाही.

नवा असताना प्लास्टिकचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि धुतल्यावर स्वच्छ होतो. मांजराच्या नखांनी आणि गोळे उचलण्याच्या चाळणीने त्यावर बारीक चरे पडू लागतात. या चऱ्यांत मूत्रातील क्षार बसतात, त्यांच्या आधाराने जिवाणूंचा एक चिकट थर तयार होतो आणि घासणीचे तंतू तेथवर पोहोचत नाहीत. तेव्हापासून ट्रे धुतला तरी नवी माती घालून पहिल्यांदा मूत्र पडताच चऱ्यांतले जिवाणू पुन्हा कामाला लागतात. माती कालच बदलली आणि आज पुन्हा वास येतो, अशी तक्रार जेथे असते तेथे दोष बहुधा मातीचा नसून तळाचा असतो. पाहण्याची रीत सोपी आहे: ट्रे धुऊन, पूर्ण वाळवून, रिकामा हुंगावा आणि तळावरून बोटाचे नख फिरवावे. कोरड्या ट्रेला वास असेल, नख जागोजागी अडकत असेल, किंवा घासूनही न निघणारा पांढरट थर दिसत असेल, तर वर्ष झाले असो वा पाच महिने, तो ट्रे टाकावा. एकापेक्षा अधिक मांजरांनी वापरलेला, किंवा जोराने खणणाऱ्या मांजराचा ट्रे वर्षापर्यंत पोहोचत नाही.

मराठवाड्यात याला आणखी एक कारण जोडले जाते, ते उन्हाचे. धुतलेला ट्रे गच्चीवर टाकून द्यायचा आणि संध्याकाळी आणायचा, ही येथील सहज रीत. ऊन निर्जंतुकीकरणाला आणि वास घालवायला उपकारक आहे यात शंका नाही, परंतु त्यातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. पृष्ठभाग फिका, खरबरीत आणि ठिसूळ होतो आणि कडांना तडे जातात. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या बादल्यांची दोन उन्हाळ्यांत काय अवस्था होते, हे येथे कोणाला सांगायला नको. म्हणून ट्रे सुकण्यापुरता तास-दोन तास उन्हात ठेवून आत आणावा.

ट्रे किती टिकेल हे त्यात काय भरले जाते यावरही ठरते. मांजरासाठी खास माती विकण्याचा व्यवसाय फार जुना नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९४७ साली एड लो या व्यापाऱ्याने शेजारणीला मांजराच्या खोक्यासाठी वाळूऐवजी तेलकट डाग शोषण्याकरिता विकली जाणारी दाणेदार माती दिली आणि ती इतकी उपयोगी ठरली की त्यातून एक उद्योगच उभा राहिला. ती माती मुलतानी मातीच्या जातीची होती. मूत्र पडताच घट्ट गोळा होणारी माती पुढे १९८०च्या दशकात आली. ती बेंटोनाइट या खनिज मातीपासून बनते. भारतात बेंटोनाइट गुजरातच्या कच्छमध्ये आणि राजस्थानच्या बाडमेर भागात निघते, आणि दुकानांतल्या मांजराच्या मातीच्या पिशव्यांत पुष्कळदा तेच असते.

मराठवाड्याच्या वाचकाला यातली एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. बेंटोनाइटचा मुख्य घटक मॉंटमोरिलोनाइट नावाचे खनिज आहे. त्याची रचना अतिशय पातळ पापुद्र्यांची असते. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर होतात आणि माती फुगते. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या दख्खनच्या काळ्या जमिनीतही याच गटातले खनिज मुबलक असते. पावसाळ्यात काळी जमीन फुगून पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याचे कारण हेच. मग शेतातली काळी माती ट्रेमध्ये का चालू नये, असा प्रश्न येथे रास्तच आहे. उत्तर असे की, गोळा होणाऱ्या मातीत सोडियमयुक्त बेंटोनाइट शुद्ध स्वरूपात, वाळवून आणि ठरावीक आकाराचे दाणे करून वापरलेले असते, तर शेतातल्या मातीतील हे खनिज प्रामुख्याने कॅल्शियमयुक्त असते, त्यात गाळ, चुनखडी आणि सेंद्रिय द्रव्य मिसळलेले असते. अशी माती मूत्राने भिजली की सुटा गोळा न होता चिखल होतो, तो तळाला आणि मांजराच्या पंजांना चिकटतो आणि वाळल्यावर दगडासारखा बसतो. शिवाय तिच्यासोबत जंतांची अंडी आणि असंख्य जिवाणू घरात येतात. काळ्या मातीचा गुण शेतीसाठीच राहू द्यावा.

वाळू हा येथला सर्वांत रुळलेला पर्याय आहे, कारण बांधकामाच्या ढिगावर मांजर स्वतःच जाते. ती मांजराला आवडतेही. मात्र ती मूत्र शोषत नाही. मूत्र कणांमधून झिरपून तळाशी साचते आणि ट्रेचा तळ दिवसभर त्यात भिजत राहतो, म्हणून वाळूचा ट्रे रोज रिकामा करून धुवावा लागतो आणि भांडेही लवकर खराब होते. राखेचा वापर मात्र टाळावा. जुन्या घरांत विष्ठेवर राख टाकत असत आणि कोरड्या विष्ठेपुरते ते ठीक होते. परंतु लाकडाची राख अल्कधर्मी असते, मूत्रात मिसळल्यावर ती अमोनिया अधिकच मोकळा करते आणि मांजराच्या तळपायांना जाळते. सॉ मिलमधला भुसा स्वस्त आणि शोषक आहे, फक्त त्यातली बारीक धूळ चाळून काढायला हवी. आता सोयाबीनच्या चोथ्यापासून, म्हणजे टोफू करताना उरणाऱ्या गाळापासून, केलेले दाणेही बाजारात येतात. ते हलके असतात आणि त्यांची धूळ कमी उडते. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ असल्याने या मालाला येथे कधी काळी स्थानिक पुरवठा होऊ शकेल, ही अपेक्षा अवाजवी नाही.

गोळा होणारी माती दोन ते तीन इंच जाडीने भरली, दिवसातून निदान एकदा गोळे आणि विष्ठा उचलली आणि तेवढीच नवी भर घातली, तर पूर्ण माती दोन ते चार आठवड्यांनी बदलली तरी चालते. गोळा न होणारी माती मात्र आठवड्यातून एकदा किंवा दोनदा बदलावी लागते. पावसाळ्यात हवेतला ओलावा मातीत शिरतो, गोळे नीट बांधले जात नाहीत आणि तुटलेल्या गोळ्यांचा चुरा तळाशी राहतो. तेव्हा माती लवकर बदलणे भागच असते. माती पूर्ण बदलताना दर वेळी ट्रे धुतला पाहिजे, आणि येथे लातूरच्या पाण्याचा प्रश्न उभा राहतो.

मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावे लागले. ‘जलदूत’ नावाने ओळखल्या गेलेल्या त्या गाडीच्या पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. ज्या शहराने हे दिवस पाहिले तेथे मांजराच्या भांड्यासाठी बादलीभर पाणी ओतायला कोणाचाही हात अडखळेल, आणि ते योग्यच आहे. गोदाकाठच्या नांदेडलाही उन्हाळ्यात काटकसर चुकत नाही. तेव्हा पाणी कमी लागेल अशी रीत हवी. आधी कोरडी चाळणी आणि जुन्या वर्तमानपत्राचा बोळा यांनी ट्रे पुसून काढला की धुण्याचे बरेचसे काम पाण्याविनाच होते. नंतर अर्धी बादली गरम पाण्यात भांडी घासण्याचा थोडा सौम्य साबण घालून, ट्रेसाठीच राखून ठेवलेल्या घासणीने तो घासावा. दोन ट्रे आलटून पालटून वापरले तर एक सावकाश सुकतो आणि घाईने ओल्या ट्रेत माती भरण्याची वेळ येत नाही. एरवीही जितकी मांजरे त्यापेक्षा एक ट्रे अधिक असावा, असा सर्वमान्य संकेत आहे.

या पाण्याच्या हिशेबामुळेच स्टेनलेस स्टीलच्या भांड्याचा विचार या भागात गांभीर्याने व्हायला हवा. केटरिंगमध्ये वापरतात तसला खोल, चौकोनी स्टीलचा ट्रे, ज्याची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असेल, प्लास्टिकपेक्षा महाग पडतो. पण त्यावर चरे सहजासहजी पडत नाहीत, वास मुरत नाही, उकळते पाणी आणि मे महिन्याचे ऊन दोन्ही त्याला सोसतात, आणि कमी पाण्यात तो स्वच्छ होतो. उन्हातून आणलेला तापलेला ट्रे थंड झाल्यावरच मांजरापुढे ठेवावा, एवढे पथ्य पाळावे. दरवर्षी प्लास्टिक टाकण्यापेक्षा हा खर्च निःसंशय शहाणपणाचा आहे. बांधकामाचे प्लास्टिकचे घमेले, ज्याला या भागात टोपलेही म्हणतात, पिल्लांसाठी काही महिने पुरते. मोठ्या मांजराला ते अपुरे पडते, आणि लोखंडी घमेल्याला मूत्राने गंज चढतो.

धुण्यासाठी काय वापरू नये हे अधिक ठळकपणे सांगण्याची गरज आहे, कारण येथे चूक झाली तर मांजराच्या जिवावर बेतते. घराघरांत फरशी पुसण्यासाठी वापरले जाणारे काळे फिनाइल आणि क्लोरोझायलेनॉल असलेली जंतुनाशके फिनॉल गटातील द्रव्यांची असतात. कुत्रा किंवा माणूस यांच्या यकृतात अशी द्रव्ये निरुपद्रवी करून बाहेर टाकणारी यंत्रणा असते. मांजराच्या यकृतात ती फारच दुबळी आहे. ट्रेला लागलेले फिनाइल पंजांवर येते, मांजर पंजे चाटते आणि विष पोटात जाते. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचे द्रावण मूत्राच्या अवशेषांवर ओतल्यास अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन हा घातक वायू तयार होतो, जो धुणाऱ्या माणसालाही अपायकारक असतो. गरम पाणी, साबण आणि ऊन यांवाचून ट्रेला काही लागत नाही.

रोजच्या सफाईमागे केवळ वासाचे कारण नाही. टोक्सोप्लाझ्मा गोंडी नावाचा एकपेशीय परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो आणि त्याची सूक्ष्म अंडीसदृश रूपे विष्ठेतून बाहेर पडतात. या जीवनचक्राचा उलगडा १९७०च्या सुमारास झाला आणि तो करणाऱ्या संशोधकांत भारतीय वंशाचे जे. पी. दुबे होते. ही रूपे बाहेर पडताक्षणी संसर्गक्षम नसतात. त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजेच विष्ठा रोज उचलली तर धोका तयार होण्यापूर्वीच घराबाहेर जातो. गर्भवतीला हा संसर्ग प्रथमच झाला तर गर्भाला इजा होऊ शकते, म्हणून त्या काळात ट्रेचे काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावे. ते शक्य नसेल तर हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. मात्र एवढ्यावरून गर्भवतीच्या घरातले मांजर बाहेर काढण्याची जी घाई होते ती अनाठायी आहे. मांजर ही रूपे बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतरच्या काही दिवसांपुरती टाकते, आणि अर्धवट शिजलेले मांस किंवा न धुतलेला भाजीपाला यांतूनही माणसाला हा संसर्ग होतो. उचललेली विष्ठा कागदात गुंडाळून घंटागाडीत द्यावी. ती भाजीच्या वाफ्यात किंवा कुंडीतल्या खतात मिसळू नये आणि बेंटोनाइटची माती शौचकूपात ओतू नये, कारण ती नळातच फुगून बसते.

ट्रे रोज पाहणाऱ्याला मांजराच्या प्रकृतीची माहितीही आपोआप मिळते. प्रौढ मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा मूत्रविसर्जन करते. गोळे एकाएकी मोठे आणि पुष्कळ दिसू लागले तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन जोर करतो, ओरडतो आणि गोळा मात्र दिसत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असण्याची शक्यता असते आणि अशा वेळी एक दिवस वाट पाहणेही प्राणघातक ठरते. देवणी आणि लाल कंधारी या गोवंशांचा हा मुलूख. येथील पशुवैद्यकीय सेवा स्वाभाविकपणे गाई-बैलांभोवती उभी राहिली. तरी उदगीरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मांजर पाळणाऱ्याने आपल्या गावातला लहान जनावरे पाहणारा डॉक्टर कोण, हे गरज पडण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

नवा ट्रे आणल्यावर जुना त्याच दिवशी फेकू नये. मांजर जागा वासाने ओळखते. म्हणून नवा ट्रे जुन्याशेजारी ठेवून त्यात जुन्या मातीची मूठभर भर घालावी आणि मांजर तो नियमित वापरू लागल्यावर जुना काढावा. झाकणाचा ट्रे माणसाला सोयीचा वाटतो, पण तो वास आतच कोंडतो. सुगंधी माती आणि ट्रेजवळची अगरबत्ती यांचाही मांजराला त्रासच होतो.

ट्रे वेळेवर बदलला नाही की मांजर त्याच्या काठावर उभे राहू लागते, खणण्याआधीच बाहेर उडी मारते, पंजे झटकते, आणि शेवटी गादीवर किंवा धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर घाण करते. या टप्प्यावर अनेक घरांत त्याला खोडकर ठरवून गोणीत घातले जाते आणि गावाबाहेर, एखाद्या हॉटेलपाशी किंवा मोंढ्यात सोडून दिले जाते. उपाशी-तहानलेले राहण्याची वेळ येईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. मांजराने ट्रे सोडला असेल तर त्याला घराबाहेर काढण्याचा विचार करण्यापूर्वी डॉक्टरला दाखवावे आणि त्याच दिवशी ट्रे रिकामा करून त्याचा तळ पाहावा.